रात्रवस्त्रविचार : खेड तालुक्याच्या विशेष संदर्भात

माणूस झोपलेला असताना त्याच्या अंगावर जे वस्त्र असते, त्याला प्रस्तुत विवेचनात ‘रात्रवस्त्र’ ही संज्ञा वापरली आहे. ते वस्त्र मुळात कोणत्या हेतूने शिवले गेले, हा मुद्दा व्याख्येतून जाणूनबुजून वगळला आहे. तो घेतला असता तर रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात वापरात असलेली बहुतेक रात्रवस्त्रे व्याख्येबाहेर राहिली असती आणि अभ्यासाला विषयच उरला नसता. निवडणुकीच्या प्रचारात वाटला गेलेला आणि उमेदवार पडल्यानंतर अधिकच मऊ झालेला टी-शर्ट, थोरल्या मुलाची शाळा संपल्यावर वडिलांकडे आलेली खेळाच्या तासाची विजार, लोटे औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याचा गणवेश म्हणून मिळालेला खाकी सदरा आणि लग्नात मानपान म्हणून आलेला पण घालून बाहेर जाण्याचे धैर्य कोणालाच न झालेला मोरपंखी झब्बा, ही सगळी वस्त्रे कालांतराने एकाच पदाला पोहोचतात. केंद्र शासनाचे सीमाशुल्क दरपत्रक याबाबत पुष्कळच काटेकोर असून त्याच्या बासष्टाव्या प्रकरणात पुरुषांचे झोपण्याचे सदरे व पायजमे ६२०७ या शीर्षकाखाली आणि स्त्रियांचे तसेच कपडे ६२०८ या शीर्षकाखाली घातलेले आहेत. पराभूत उमेदवाराच्या टी-शर्टाला तेथे रात्रीचा कपडा म्हणून जागा नाही, आणि दरपत्रकातील ही त्रुटी खेडमध्ये अद्याप कोणाला जाणवलेली दिसत नाही.

रात्रवस्त्र कसे निवडावे याविषयी जगात जे लिहिले जाते, त्याचा भर झोप लवकर लागण्यावर असतो. त्यामागचे शरीरशास्त्र साधे आहे : झोपेच्या वेळी शरीराच्या गाभ्याचे तापमान उतरू लागते, म्हणजे आतली उष्णता हातापायांच्या त्वचेकडे वळते आणि तेथून बाहेर पडते; स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की हातपाय उबदार असले म्हणजे झोप लवकर लागते, कारण त्यांच्यावाटे ही उष्णता सहज निघून जाते. यावरून कपडा सैल असावा, त्यातून हवा खेळावी आणि त्याने घाम टिपावा, असे नियम निघतात, आणि ते बाझलला जितके खरे तितकेच खेडलाही खरे आहेत. मात्र या नियमांत एक गृहीत दडलेले आहे; ते असे की झोपलेला माणूस सकाळपर्यंत झोपलेलाच राहील. खेडमध्ये हे गृहीत टिकत नाही. येथे रात्रवस्त्राची पारख होते ती दाराची कडी वाजल्यावर, म्हणजे माणूस अंथरुणातून उठून, वीज असल्यास दिवा लावून, अडसर काढून समोरच्याला ‘या’ म्हणेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात. आणि म्हणून तालुक्यातील सुज्ञ माणसे कपडा निवडताना झोपी जाण्यापेक्षा उठवले जाण्याचा विचार अधिक करतात.

याचे एक कारण घराच्या रचनेतच आहे. कोकणातील जुन्या घराला पुढे पडवी असते, म्हणजे अंगणाला लागून असलेला छपराखालचा उघडा किंवा अर्धा उघडा भाग. तिच्या आत ओटी, म्हणजे आल्यागेल्याने बसावयाची जागा. आणि तिच्याही आत माजघर, म्हणजे घरच्या माणसांच्या वावराची मधली खोली. शेजारचे दापोलीकर उंचावर राहत असल्याने त्यांना रात्रीचा वारा मिळतो. जगबुडी नदीकाठच्या खेडला तो मिळतोच असे नाही. त्यामुळे एप्रिल सरत आला की घरातील पुरुष माजघरातून ओटीवर आणि ओटीवरून पडवीत असे टप्प्याटप्प्याने बाहेर सरकू लागतात, आणि मे महिन्याच्या मध्याला कर्त्या पुरुषाची निद्रा ही जवळजवळ सार्वजनिक घटना झालेली असते. पहाटे दूध घालणारा, नमाजाला किंवा देवळात निघालेला, शेजारच्या वाडीतून काकडी मागायला आलेला, असा प्रत्येक जण ती पाहून जातो. पाश्चात्त्य देशांत शयनगृह बंद असते म्हणून तेथे रात्रवस्त्र ही खासगी बाब आहे; पडवीत झोपणाऱ्याचे रात्रवस्त्र हा त्याचा गावातील लौकिक असतो.

दळणवळणाच्या सोयींनी परिस्थिती आणखी बिकट केली. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ च्या २६ जानेवारीपासून खुला झाला आणि मुंबई खेडला जवळ आली, हे सर्वमान्य आहे. ती रात्री किती वाजता जवळ आली, याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष गेलेले नाही. मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटणारी कोकणकन्या एक्स्प्रेस खेडला येते ती पहाटे तीनच्या आसपास, आणि दादरहून मध्यरात्री निघणारी तुतारी एक्स्प्रेस त्यानंतर, उजाडण्यापूर्वी. चाकरमानी, म्हणजे मुंबईत नोकरीला असलेला आणि गणपतीला व शिमग्याला न चुकता गावी येणारा कोकणी माणूस, याच गाड्यांनी येतो, एकटा क्वचितच येतो, आणि ‘उगाच कोणाची झोपमोड नको’ म्हणून आगाऊ कळवत नाही. परिणामी घरमालकाला पहाटे साडेतीनला, डोळे पुरते उघडण्याच्या आत, पुतण्या, सूनबाई, सूनबाईंचे आईवडील आणि ‘कोकण बघायचंय’ म्हणून बरोबर आलेले कचेरीतील एक साहेब, अशा मिश्र सभेला सामोरे जावे लागते. व्याही प्रथम दिसतात, त्या क्षणी अंगावर असलेले वस्त्र पुढे आयुष्यभर बोलण्यात येते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येईल.

रस्त्याने येणाऱ्यांच्या बाबतीत पूर्वी निसर्गाने काही सवलत ठेवली होती. मुंबई-गोवा महामार्गाने येणारा पाहुणा पोलादपुरात चहाला थांबे, तेथून ‘निघालोच’ असा फोन करी, आणि त्यानंतर त्याला कशेडी घाट चढून उतरावा लागे. तेवढ्या अवधीत यजमानाला उठून, तोंडावर पाणी मारून, लुंगी सोडून पायजमा चढवता येई आणि यजमानीणबाईंना साडी नेसून चहाचे आधण ठेवता येई. कशेडीला बोगदा झाल्यापासून तो डोंगर काही मिनिटांत ओलांडला जातो. वर्तमानपत्रांनी वाचलेल्या वेळेचे कौतुक केले ते योग्यच होते, परंतु तो वेळ ज्यांच्या कपडे बदलण्यातून कापून घेतला गेला, त्यांची बाजू आजवर कोणी मांडलेली नाही.

आणि माणसांचे एकवेळ सोसता येते. देवाचे काय करावे? फाल्गुनात शिमग्याच्या दिवसांत ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघून घरोघर जाते, आणि एकेका अंगणात नाचवली जात, गाऱ्हाणी ऐकत, वाडीमागून वाडी घेत असताना तिला साहजिकच रात्र होते. आपल्या अंगणात ती केव्हा पोहोचेल, हे मानकऱ्यांना, म्हणजे पालखीच्या व्यवस्थेत पिढीजात मान असलेल्या घरांतील पुरुषांना, ठाऊक असते असा समज आहे. ते ‘दहापर्यंत येतोच’ असे सांगतात आणि रात्री अडीचला येतात. अर्ध्या विजारीत देवीची ओटी भरवून घेता येत नाही, आणि ढोल बांधापर्यंत आल्यावर कपाट उघडणेही शोभत नाही. त्यामुळे वर्षातून एवढ्या एका रात्री खेड तालुक्यातील कुटुंबेच्या कुटुंबे इस्त्रीचे कपडे आणि काठाच्या साड्या अंगावर असतानाच भिंतीला टेकून झोपतात, आणि झोपण्यासाठी सर्वांत गैरसोयीचे वस्त्र हेच त्या रात्रीचे योग्य रात्रवस्त्र ठरते. पावसाळ्यात पेठेतल्या लोकांची जी रात्र जाते, तिच्याबद्दल मात्र थट्टा करवत नाही. जगबुडीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोक्याची पातळी ७ मीटर मानली जाते. जुलै २०२१ मध्ये आणि त्याआधी २००५ मध्येही तिचे पाणी बाजारपेठेत भरले होते. अशा रात्री नदीकाठच्या माणसाने कंबरपट्टा लावूनच आडवे व्हावे आणि झोपेचा नाद सोडावा, यावर कोणत्याही वस्त्रशास्त्राला दुमत असणार नाही.

या सर्व प्रसंगांची कसोटी लावली असता पुरुषांच्या रात्रवस्त्रांत प्रथम विचार करावा लागतो तो लुंगीचा. सुमारे दोन मीटर लांबीचे, बहुधा चौकटीचे, टोके एकमेकांना शिवलेले किंवा मोकळे असे हे वस्त्र खेडच्या मोहल्ल्यांत आणि वाड्यांत सारखेच रुळलेले असून सामाजिक ऐक्यावर भाषणे करणाऱ्यांनी त्याची अजून दखल घेतलेली नाही. उष्णता बाहेर सोडण्याच्या दृष्टीने लुंगी निर्दोष आहे, कारण ती पायाच्या बाजूने पूर्ण उघडी असते. तिला नाडी नाही, गुंडी नाही, इलॅस्टिक नाही. ती कमरेशी मारलेल्या पिळाच्या आणि पोटाच्या घेराच्या भरवशावर उभी असते, आणि म्हणूनच विशीतल्या सडपातळ तरुणापेक्षा पन्नाशीतल्या गृहस्थाशी ती अधिक एकनिष्ठ राहते. तथापि पीळ हा उभ्या माणसासाठी आहे. झोपलेला माणूस रात्रीतून अनेकदा कूस बदलतो, प्रत्येक कुशीगणिक पीळ थोडा सैल होतो, आणि पहाटेच्या गारव्यात हात आपोआप पांघरूण शोधू लागले की त्यांना जे प्रथम सापडते ते लुंगीचेच टोक असते. रात्री कमरेला असलेले वस्त्र पहाटे खांद्यावर आढळते. जाणकार हा दोष मानत नाहीत. एकाच खर्चात नेसण आणि पांघरूण दोन्ही मिळाले, असे ते म्हणतात, आणि कडी वाजेपर्यंत त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण असते. कडी वाजल्यावर मात्र अंधारात लुंगीचे वरचे टोक कोणते आणि खालचे कोणते, हा प्रश्न उपस्थित होतो, ज्याचे उत्तर उजेडातही सहज देता येत नाही. यावर उपाय म्हणून अनुभवी लोक लुंगीच्या आत अर्धी चड्डी घालून झोपतात, म्हणजे ज्या खेळत्या हवेसाठी लुंगी पत्करली तिच्यावर पाणी सोडून उरलेल्या गैरसोयी तेवढ्या पदरात ठेवतात.

पायजम्याचा इतिहास अधिक प्रतिष्ठित आहे. हा आपल्याकडचा दिवसा घालण्याचा कपडा; येथे आलेल्या युरोपीय लोकांनी तो मुसलमानांकडून उचलून घरगुती व रात्रीचा पोशाख म्हणून वापरला, अशी नोंद १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात आहे. पुढे इंग्लंडात पुरुषांचा घोळदार रात्रसदरा मागे पडून पायजमा व सदरा अशी जोडी रूढ झाली आणि तीच ‘नाइट सूट’ या नावाने, पट्ट्यापट्ट्यांचे कापड, कॉलर, गुंड्या आणि छातीवर खिसा अशा इतमामात, परत आपल्याकडे आली. झोपलेल्या माणसाला कॉलर कशाला हवी, याचा समाधानकारक खुलासा इंग्रजांनी कोठे केलेला दिसत नाही. तो खेडला आल्यावर होतो. पहाटे तीन वाजता दारात उभा राहिलेला कॉलरवाला माणूस जागाच होता असा भास होतो, आलेल्या व्याह्यांना आपण अवेळी आलो असे वाटत नाही, आणि यजमानाची प्रतिष्ठा गुंड्यांच्या आत सुरक्षित राहते. इतके गुण असूनही नाइट सूट खेडमध्ये रुजला नाही, त्याचे कारण तो घालून सकाळी अंगणात दात घासणाऱ्या माणसाला रस्त्यावरून जाणारे लोक ‘डिस्चार्ज कधी मिळाला?’ असे विचारतात.

साध्या पायजम्याचे यशापयश त्याच्या नाडीवर अवलंबून असते. नाडी ज्या पोकळ पट्टीतून ओवतात तिला नेफा म्हणतात, आणि एक टोक ओढताच सुटणाऱ्या गाठीला सुरगाठ, तर ओढल्याने अधिकच आवळत जाणाऱ्या गाठीला निरगाठ म्हणतात. उजेडात नाडी बांधणारा प्रत्येक माणूस सुरगाठच मारतो. झोपेच्या गुंगीत मारलेली गाठ निरगाठ निघते, आणि तिचा शोध रात्री परसाकडे जाण्याची घाई असताना लागतो. तिसरी अवस्था या दोहोंहून वाईट असून तीत नाडीचे एक टोक नेफ्यात गडप होते. अशा वेळी सेफ्टी पिन किंवा मुठीच्या टोकाला भोक असलेला जुना टूथब्रश यांच्या साहाय्याने ते बाहेर काढावे लागते, आणि या शस्त्रक्रियेत निष्णात असलेली व्यक्ती बहुतेक घरांत एकच असते, ती म्हणजे आजी. इलॅस्टिकने ही सारी विद्या अनावश्यक केली खरी. पण इलॅस्टिक नवे असताना कमरेवर वळ उठवते, जुने झाले की काहीच धरून ठेवत नाही, आणि या दोन टोकांच्या मधला त्याचा भरवशाचा काळ थोडका असतो. बर्म्युडा, म्हणजे गुडघ्यापर्यंतची खिसेवाली विजार, चाकरमान्यांच्या मुलांनी गावात आणली. तीबद्दल विशेष लिहिण्याजोगे नाही, एवढेच की गावातील वडीलधाऱ्यांच्या मते तो कपडा शिंप्याकडून पुरा होण्याआधीच आणलेला असतो.

स्त्रियांच्या रात्रवस्त्राकडे वळताना विवेचनाचा सूर थोडा बदलावा लागतो, कारण तेथे सोय आणि लोकलज्जा यांचा तंटा केव्हाचा चालू आहे. मागच्या पिढ्यांतील स्त्रिया जे नऊवारी लुगडे दिवसा नेसत तेच, किंवा त्याहून जुने असे दुसरे, नेसून झोपत, आणि रात्री दार वाजले तर त्यांना पदर डोक्यावर घेण्यापलीकडे काही करावे लागत नसे. गाऊन, ज्याला मॅक्सी किंवा नाइटी असेही म्हणतात, आला तो झोपण्याचा कपडा म्हणून. परंतु त्याने झोपेपुरते थांबण्यास लवकरच नकार दिला. पाणी भरणे, केर काढणे, दारावर आलेल्या मासेवालीशी बोंबलाच्या भावावरून वाद घालणे, मुलाला शाळेच्या रिक्षात बसवणे, ही सारी कामे आज गाऊनमध्ये होतात. समाजाने यावर एक तोडगा काढला आहे. गाऊनवर ओढणी किंवा आंघोळीचा टॉवेल खांद्यावरून घेतला की तो रात्रीचा कपडा राहत नाही, असे मानण्यात येते. ओढणीचे एक वेळ समजते. पण टॉवेलसारखी स्नानगृहातील वस्तू जवळ असल्याने पोशाख अधिक सभ्य कसा होतो, या प्रश्नाचा उलगडा करण्यास समाजशास्त्र अद्याप धजावलेले नाही.

हा तंटा केवळ घरगुती नाही. नवी मुंबईतील गोठिवली गावात २०१४ साली दिवसा गाऊन घालून बाहेर दिसणाऱ्या स्त्रियांना ५०० रुपये दंडाची सूचना फलकावर लागली होती. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील तोकलपल्ली गावाने २०१८ साली सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळेत नाइटी घालण्यास बंदी करून २,००० रुपये दंड आणि चुगली करणाऱ्यास १,००० रुपये इनाम जाहीर केले. आणि शांघाय शहराने २०१० च्या जागतिक प्रदर्शनापूर्वी, परदेशी पाहुण्यांसमोर नागरिकांनी पायजम्यात रस्त्यावर हिंडू नये म्हणून मोहीम चालवली. या तिन्ही ठिकाणी भाषा वेगवेगळ्या असल्या तरी घाबरण्याचे कारण एकच दिसते. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की आपल्याकडच्या दोन्ही गावांत दंडाचा रोख स्त्रियांच्या पायघोळ कपड्यावर राहिला, आणि भोके पडलेले बनियन व वर खोचलेली लुंगी अशा वेशात नाक्यावर उभे राहून गावाच्या अब्रूची चिंता करणाऱ्या पुरुषाला एक रुपयाही दंड झाल्याचे कोठे वाचनात येत नाही. खेडमध्ये असा फलक लागलेला नाही, हे तालुक्याच्या समंजसपणाचे लक्षण मानावे. किंवा फलक लावण्याइतका वेळ पाहुण्यांमुळे कोणाला मिळाला नसावा.

कापडाचा प्रश्न वरकरणी सोपा आहे. प्रमाण हवामानात, म्हणजे २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रता असताना, सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा सामावून घेतो, तर पॉलिएस्टरचा धागा जेमतेम अर्धा टक्का. म्हणून घामाच्या रात्री सुती कपडा घाम पितो आणि पॉलिएस्टरचा कपडा तो अंगालाच परत करतो. पण ज्या गुणामुळे सूत घाम पिते त्याच गुणामुळे ते पाऊसही पिते, आणि मृग लागल्यापासून पुढे तीनएक महिने खेडच्या हवेत ६५ टक्के आर्द्रता ही कल्पनेतली गोष्ट असते. आषाढात धुतलेला सुती गाऊन पडवीतल्या वलणीवर, म्हणजे कपडे वाळत घालण्याच्या आडव्या दांडीवर किंवा दोरीवर, सोमवारी टाकला तर गुरुवारीही त्याचे शिवणीचे भाग दमटच असतात आणि त्याला असा कुबट वास येऊ लागतो की तो पुन्हा धुवावा लागतो. असा धुणे आणि न वाळणे यांचा फेरा श्रावणातल्या पहिल्या उघडिपीपर्यंत चालू राहतो. ज्यांच्या घरी अजून चूल आहे ते चुलीवरच्या दांडीवर कपडे वाळवतात, ते वाळतातही, आणि मग ते घालून झोपणाऱ्याला रात्रभर आपण भाजली जाणारी सुकी मासळी आहोत असे वाटत राहते. रेयॉन, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, घाम टिपण्यात सुतालाही मागे टाकतो, पण ओला असताना तो दुबळा होतो आणि जोराने पिळला तर उसवतो किंवा फाटतो, म्हणून पिळून पिळून कपडे वाळवणाऱ्या प्रदेशात त्याचे आयुष्य फार नसते. तात्पर्य, मे महिन्यात सुती आणि जुलैमध्ये जे वाळलेले असेल ते, असा व्यवहार येथे चालतो, आणि त्याला पर्याय नाही.

सुती कपड्याबाबत आणखी एक अडचण अशी की तो विकत घेतलेल्या दिवशी रात्रवस्त्र म्हणून निरुपयोगी असतो. नव्या कापडाला खळ असते, म्हणजे ताठपणासाठी दिलेली कांजी, आणि ती पुरती निघून जाईपर्यंत ते टोचते. अनेक धुण्यांनी मऊ पडलेल्या जुन्या वस्त्राला मराठीत जुनेर म्हणतात, आणि झोपेसाठी जुनेरासारखे वस्त्र नाही, यावर आजीपासून नातवापर्यंत सर्वांचे एकमत आहे. मात्र जुनेराची उत्तम अवस्था आणि त्याचे फाटणे यांत अंतर फार कमी असते. कपडा ज्या आठवड्यात सर्वांत मऊ होतो, बहुधा त्याच आठवड्यात तो पाठीवर विरतो. यावर येथील गृहस्थांनी शोधलेली युक्ती दाराच्या कसोटीला धरूनच आहे : विरलेल्या पाठीचा सदरा घालून दार उघडणारा माणूस आलेल्याचे तोंडभर स्वागत करतो आणि मग पाठ न दाखवता, हसत हसत, उलट्या पावलांनी माजघरात जातो. नवख्या पाहुण्याला ही कोकणी अदब वाटते.

निवडीइतकेच महत्त्व घालण्याच्या रीतीला आहे. कोकणात खुंटीवरचा कपडा झटकल्याशिवाय अंगात घालू नये, असे लहान मुलालाही शिकवतात, कारण लाल विंचवाला अंधारी, कोरडी घडी माणसाइतकीच आवडते. कशेडीपलीकडे महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचुदंशावर जे संशोधन केले, रक्तदाबावरचे प्रॅझोसिन हे औषध या दंशावर वापरून अनेकांचे प्राण वाचवले आणि ते काम ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकापर्यंत नेले, त्याची पार्श्वभूमी याच मुलखातली आहे. तेव्हा कडी वाजली तरी कपडा आधी झटकावा आणि मग घालावा. व्याही दोन क्षण थांबू शकतात. अशीच एक खबरदारी आगीची. पाहुणा आला की यजमानीण आहे त्याच गाऊनमध्ये चहा ठेवायला शेगडीपाशी जाते, आणि घोळदार बाहीचा कृत्रिम धाग्याचा गाऊन ज्योतीजवळ वितळून अंगाला चिकटतो. ब्रिटनमध्ये १९८५ च्या नियमांनी लहान मुलांच्या रात्रीच्या झग्यांना ज्वलनाची चाचणी सक्तीची केली आहे. आपल्याकडे ती चाचणी घरोघर चहाच्या वेळी होते, म्हणून निदान स्वयंपाकघरात जाताना बाह्या वर सारलेल्या असाव्यात.

प्रत्यक्ष खरेदी खेडच्या बाजारपेठेत किंवा भरणे नाक्यावर होते आणि ती बहुधा ‘घरातच तर घालायचंय’ या एका वाक्यावर उरकते. या वाक्याने रंग, माप, शिवण आणि किंमत या सर्व बाबतींतील विचार एकदम थांबतो. तिरुपूरचे होजिअरीचे कापड, म्हणजे विणून केलेले ताणले जाणारे कापड, दुकानदार हाताने ताणून दाखवतो, गिऱ्हाईकही एकदा ताणून पाहते, आणि ते परत पूर्वस्थितीत आले की नाही हे कोणी पाहत नाही. कपडा अंगात घालून पाहिलाच तर आरशासमोर उभे राहून पाहिला जातो; झोपून पाहण्याची सोय कोणत्याही दुकानात नाही, आणि असती तरी दुपारी दोनच्या सुमारास त्या सोयीवर मालकाचाच पहिला हक्क राहिला असता. त्याऐवजी गिऱ्हाइकाने दुकानातच एकदा मांडी घालून बसावे, एकदा उकिडवे बसावे आणि मग उठून वरची कडी काढण्याच्या आविर्भावात उजवा हात उंच करावा. या तीन हालचालींत जो कपडा कोठे वर चढत नाही, कोठे काचत नाही आणि कोठे उघडा पडत नाही, तो किमतीकडे न पाहता घ्यावा, कारण दार उघडण्याच्या क्षणी अंगाने नेमक्या याच हालचाली करावयाच्या असतात.

राहता राहिला खिसा. पुरुषांच्या नाइट सुटाला छातीवर खिसा असतो, ज्यात रात्री ठेवण्याजोगे काहीही नसते. बर्म्युडाला तर इतके खिसे असतात की सकाळी त्यांतून काय निघेल हे घालणाऱ्यालाही सांगता येत नाही. याउलट वीज गेलेल्या रात्री जिला मोबाईलचा उजेड पाडत, कुलपाची किल्ली घेऊन, सुटलेली ओढणी सावरत आणि जागे झालेले मूल कडेवर घेऊन दार उघडावे लागते, तिच्या गाऊनला खिसा नसतो, आणि असलाच तर तो एका रुमालापलीकडे काही मावू नये अशा बेताने शिवलेला असतो. खोल खिशासाठी वीतभर कापड आणि पाच मिनिटांची शिवण पुरते. तेव्हा खेडच्या बाजारपेठेतील समस्त शिंपीबंधूंना आणि घरी शिवणयंत्र चालवणाऱ्या भगिनींना नम्र विनंती अशी की येत्या गणपतीपूर्वी, कोकणकन्येच्या गाड्या भरून येऊ लागण्याआधी, त्यांनी दुरुस्तीला येईल त्या प्रत्येक गाऊनला उजव्या बाजूस एक खोल, मोबाईल आणि किल्ली दोन्ही मावतील असा खिसा न सांगता लावून द्यावा, आणि त्याचे पैसे घरातील पुरुषाकडून घ्यावेत.